कडुबा आबांचं शेवटचं रेकॉर्डिंग

मुकुंदवाडीत राजकुमारचा स्टुडिओ म्हणजे घरामागची एवढीशी खोली. तिला एक खिडकी होती, ती त्यानंच विटा लावून बुजवली. भिंतींना गाद्या ठोकल्या, दाराला सतरंजी लावली. रिक्षांचा आवाज आत येऊ नये एवढाच त्याचा हेतू. पण हळूहळू आतला माणूसही बाहेर जाईनासा झाला, आणि हे त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं.

धंदा म्हणाल तर बरा चालतो. वरातीची गाणी, नगरसेवकाच्या वाढदिवसाची गाणी, आणि मार्च लागला की जयंतीची भीमगीतं. गिऱ्हाईक कोणतंही असो, मागणी एकच. "भाऊ, आवाज फुल्ल पायजे. डीजेवर लावला की छाती हालली पायजे." मग राजकुमार कॉम्प्युटरमधल्या कॉम्प्रेसरनं गाणं दाबून दाबून सपाट करतो. कॉम्प्रेसरचं काम तसं साधं. फार वर गेलेला आवाज खाली दाबायचा, मग सगळंच थोडं उचलायचं, म्हणजे हळू म्हटलेला शब्दही ऐकू येतो. मिठासारखी गोष्ट आहे, चिमूटभरानं चव येते. राजकुमारच्या गिऱ्हाइकांना मूठभर लागायचं आणि पुढं पुढं त्याचीही जीभ त्यालाच सोकावली.

अशात पुण्याच्या अभयनं, त्याच्या जुन्या दोस्तानं, आपला स्टुडिओ आवरला आणि त्यातलं खरंखुरं लोखंडी कॉम्प्रेसर राजकुमारला देऊन टाकलं. काळं, जड, समोर गोल बटणं आणि काचेआड, आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारी एक सुई. राजकुमार त्याच्यापुढं असा बसायचा, की त्याची बायको करुणा म्हणाली, "आता ह्याला हळद तेवढी लावायची ऱ्हायलीय." अभयनं फोनवर बजावलं होतं, "आधी आवाज कोराच कॉम्प्युटरात घे. मिक्सिंगला बसशील तेव्हा तो मशीनमधून फिरव. चुकलं तर पुन्हा फिरवता येतो. आणि सुई जराशी हलली की बास." राजकुमार व्हय व्हय म्हणाला. पण मोठे लोक गाणं घेतानाच मशीन मधे लावतात, असं त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. आपण काय कमी आहोत, असं त्याला वाटलं. माणसाला हे वाटायला फार वेळ लागत नाही.

त्याच सुमारास त्याच्या वडिलांच्या, कडुबा आबांच्या गळ्यात गाठ निघाली. ती आवाजाच्या नसेला खेटून होती. गाठ काढू, पण नस वाचेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आबांचं गाव गंगापूर तालुक्यात. त्यांची गायन पार्टी होती, एक पेटी, एक ढोलकी आणि सगळ्या पार्टीत मिळून एक माइक. त्यांनी स्वतः जुळवलेलं एक गाणं होतं, त्यात 'उजाडलं गं माये, उजाडलं' ही ओळ तीनदा यायची. पहिल्यांदा निजलेल्या बाईच्या कानाशी बोलावं तशी. दुसऱ्यांदा उंबऱ्यातून हाक मारावी तशी. तिसऱ्यांदा आबा माइकपासून दोन हात मागं झुकायचे, हात वर जायचा आणि आवाज असा सुटायचा, की मागं बसलेल्या बायका डोळे पुसायच्या. ते गाणं जपून ठेवायचं, एवढं एकच राजकुमारच्या मनात होतं. बापाचा आवाज उद्या नसला तर आपल्या पोरांना काय ऐकवायचं, या धास्तीनं त्याला झोप लागत नव्हती.

ऑपरेशनच्या आधी आबा एसटीनं आले. राजकुमारनं माइक आणि कॉम्प्युटरच्या मधे मशीन जोडलं आणि त्यांना माइकपुढं स्टुलावर बसवलं. गाता गाता आबा मागं झुकले, तसं त्यानं गाणं थांबवलं.

"आबा, हालू नका. मागं सरकायचं काम नाय आता. मशीन सांभाळतं."

"आरं, मग वरचा सूर माइकला फाडून टाकील की."

"नाय फाडत. त्याच्यासाठीच तर आणलंय."

"खुट्याला बांधल्यावानी गायचं व्हय?" आबा म्हणाले. पण पोरगा शिकलेला, पोराचं मशीन नवं. ते हलले नाहीत. दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांनी अख्खं गाणं म्हटलं. काचेआडची सुई आडवी पडली ती उठेचना. सुई एवढी पडतेय म्हणजे मशीन जोरात काम करतंय, असं राजकुमारला वाटलं. हेडफोनमध्ये आवाज भरघोस लागत होता, श्वास न् श्वास कळत होता. मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो, तिथंच तर माणूस फसतो.

"नीट आलं का?" आबांनी विचारलं.

"एकदम," राजकुमार म्हणाला.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, नसही गेली. आबांच्या गळ्यातून आता नुसती हवा यायची, भाता फाटलेल्या पेटीसारखी.

मग राजकुमार मिक्सिंगला बसला. पेटी लावली, ढोलकी लावली आणि गाणं सोडलं. पहिलं 'उजाडलं' आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. तिन्ही सारखीच. कानाशी बोललेलं जेवढं, तेवढंच आभाळात सोडलेलं. त्यानं मशीनची सगळी बटणं शून्यावर आणली. काय उपयोग? कॉम्प्युटरात दाबलेलाच आवाज शिरला होता, कोरा कुठं नव्हताच. तिसरी ओळ त्यानं हातानं वर उचलून पाहिली, तर ती नुसती मोठी झाली. मांडीखाली हात दाबून बसलेला माणूसच मोठा झाला.

जयंतीला वस्तीत ते गाणं वाजलं. लोक म्हणाले, शब्द न् शब्द कळतो, कडुबाचा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. ते खरंच होतं. राजकुमार पाठीवर थापा घेत राहिला, आणि प्रत्येक थापेला त्याला पळून जावंसं वाटलं.

आबा आता त्याच्याकडेच राहायला होते. त्यांनी खोलीत येऊन गाणं एकदा ऐकलं आणि कुजबुजत म्हणाले, "तिसऱ्या बारीला मी वर गेलतो राजा. मशीनमधी आडकलं आसंल. काढ की भाईर."

"काढतो आबा," राजकुमार म्हणाला. एवढं खोटं तोंडातून गेलं आणि तो त्यातच अडकला. आबा रोज दुपारी येऊन स्टुलावर बसू लागले. "निघालं का?" "बघतोय." हातातली कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. राजकुमार तीच ओळ फिरवत राहिला. करुणा म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. बापच हाय, खाणार नाय." पण बापच आहे म्हणून तर जीभ उचलत नव्हती.

शेवटी एका दुपारी आबांनी विचारायच्या आतच तो बोलला. "ते त्याच्यात नाय, आबा. कुठंच नाय. मीच दाबून टाकलं. तुमाला बसवून ठिवलं, हालू दिलं नाय."

आबा गळ्यावरच्या टाक्यांच्या वणावरून बोट फिरवत राहिले.

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं," ते म्हणाले.

"मग रोज इचारता कशाला?"

"तू आत एकलाच बसतोस. इचारायचं निमित करून येतो."

सांगितल्यावर मोकळं वाटेल असं राजकुमारला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. बाहेर जाऊन रडावं म्हणून तो उठला, पण खोली एवढीशी, की आबा स्टुलावर बसले की दार उघडत नाही. तो तिथंच, त्यांच्यासमोर रडला.