सिकुंबांगांच्या टेकडीवरची सारिबानून

सारिबानून चनियागो कुळाची नव्हतीच म्हणे. जन्माने सिकुंबांग. एका सकाळी बहिणींशी कडाकडा भांडली, भाताचं पातेलं डोक्यावर घेतलं, आणि तडक चनियागोंच्या मोठ्या घरात जाऊन बसली ती कायमची. मेल्यावर मात्र चनियागोंनी तिला आपल्या मातीत घेतलं नाही.

ही गोष्ट आमच्या गावाने तीन पिढ्या कॉफीबरोबर चघळली. पुरावाही होता ना! ज्याच्या त्याच्या कुळाची दफनभूमी ठरलेली, आणि सारिबानूनची कबर सरळ सिकुंबांगांच्या टेकडीवर, फणसाखाली. आणखी काय हवं?

चघळण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण तिची नात यूसनिदार आपल्या लेकीसाठी नवरा मागायला गेली, आणि गोष्ट घशात अडकली.

निदार बाजारात लामांग विकते. बांबूच्या नळीत नारळाच्या दुधात शिजलेला तिचा चिकट भात खायला लोक पलीकडच्या गावाहून येतात, आणि जाताना दोन टोमणेही खाऊन जातात. नवरा दूर मेदान शहरात दुकान चालवतो, ईदला उगवतो. लेक एकच, देस्मी. तिचं मन बसलं ते आफ्रिझोनवर. मुलगा सिकुंबांगांचा.

निदारचा थोरला भाऊ म्हणजे चनियागोंचा दातुक, कुळाचा प्रमुख. तिच्या वतीने तो मागणीचं विड्याचं तबक घेऊन गेला. मुलाच्या मावशीने, रोस्मैनीने, ते बोटाने मागे सरकवलं.

"भावाबहिणीचं लग्न लावताय होय, दातुक? तुमची सारिबानून आमचीच. म्हणजे देस्मीही आमचीच."

खलास! एका कुळाची पोरं म्हणजे भावंडं, आणि कूळ येतं ते आईकडून. बाप बिचारा घरात पाहुणा.

देस्मी चुलीपाशी नारळ खवत रडत होती.

"अमाक, पणजी नक्की कुणाची होती?"

"माझी आजी होती. आणि खोबऱ्यात नाक नको गाळूस, गिऱ्हाईक पळेल."

बोलायला बोलली, पण खरं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. आई निदारच्या लहानपणीच गेलेली. आजीच्या मागचं काही सांगायला घरात कुणी उरलंच नव्हतं. आणि आजी खरंच सिकुंबांग निघाली, तर लेकीला काय तोंड दाखवायचं?

"उदा," ती भावाला म्हणाली, "चल, उची कमिसाकडे. खरं काय ते एकदा कळू दे."

उची कमिसा सिकुंबांगांची सगळ्यांत जुनी बाई. दात नाहीत, म्हणून विडा कुटून खाते. कान मात्र शाबूत. रोस्मैनी तिच्या शेजारीच ठाण मांडून बसली होती. दातुकने तबक पुन्हा पुढे ठेवलं, घसा साफ केला आणि म्हणींची माळ ओढायला घेतली, "पाणी जसं उगमाकडून, तसं माणूस..."

"दातुक, तुझा उगम येईस्तोवर माझा अंत होईल," उची म्हणाली. "पोरी, तू बोल."

"उची, माझी आजी या घरात जन्मली का?"

उचीचा खलबत्ता थांबला. "या घरात? कोण म्हणतं?"

निदारने रोस्मैनीकडे पाहिलं. रोस्मैनीने छताकडे.

"अगं, ती माझ्या मामाची बायको! मामा रात्री तुमच्याकडे निजायला, दिवसा आमच्या शेतावर. ती सिकुंबांग असती तर मामाने सख्ख्या कुळात निकाह लावला असता काय? गावाने दोघांना हाकलून दिलं असतं."

निदारला आजोबा ऐकून माहीत होते ते 'खालच्या आळीतले आजोबा' म्हणून. त्यांचं कूळ कोणतं, हे विचारायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. पुरुषाचं कूळ हवंय कुणाला?

"पण गावात सगळे म्हणतात..." रोस्मैनी पुटपुटली.

"झऱ्याकाठचं शेत कुणाचं गं?"

"यांचं. चनियागोंचं."

"सारिबानूनला ते तिच्या आईकडून आलं. ती आपली असती तर ते शेत आपलं झालं असतं. आणि आपल्या बायकांनी ते सोडलं असतं? तुझी आई कोंबडी कुंपणापलीकडे गेली तर महिनाभर भांडायची!"

दातुक पोट धरून हसला. रोस्मैनीलाही हसू आवरेना.

"म्हणजे निदार, तुझ्या आईचा बाप आमचा," ती म्हणाली. "मग ही तर आजोळच्या आजोबांच्या घरी परतलेली सोयरीक! अशी जुळायला भाग्य लागतं." काल हीच बाई भाऊबहीण म्हणत होती; पण चांगल्या बातमीपुढे कोण हिशेब काढतो? तिने स्वतःच तबक ओढलं आणि पान उचललं.

निदारचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ ती मांडीखाली पाय मुडपून बसली होती. आता उठायला गेली तर पाय मुंग्यांनी भरलेले. भावाचा खांदा धरून उभी राहिली आणि उगाचच हसत सुटली. तिला लेकीकडे धावायचं होतं, पण धड चालता येईना.

"पण उची," रोस्मैनी पान चावत म्हणाली, "मग ती आपल्या टेकडीवर कशी?"

"मी होते ना तिथे. एवढीशी होते," उची म्हणाली. "चनियागोंची दफनभूमी नदीपलीकडे. ती गेली त्या दिवशी नदीला पूर होता. पूल वाहून गेला होता. मामाने आमच्याकडे जागा मागितली. आम्ही दिली."