चि. रेणू, वय वर्षे सहा

शमीम मुजावर यांच्या हाती कागद दिला, की तो सपाट परत येत नसे. बोलता बोलता त्या त्याची एक फोड कापीत, कडा जुळवीत आणि कागदाची वाटी करून टेबलावर ठेवीत. कोल्हापुरात कचेरीबाहेर मी एकवीस वर्षे अर्ज लिहितो. कागदाची अशी अवस्था करणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम आल्या त्या घाईने. कुरुंदवाडात पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराची ही कन्या रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होती. मुदतवाढीचा त्यांनी स्वतः लिहिलेला अर्ज "बोध होत नाही" या शेऱ्यासह विद्यापीठातून परत आला होता. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. ती टळली तर नोंदणीही रद्द होणार होती. माझ्या अर्जावर तसा शेरा आजवर पडलेला नाही, हे सांगून मी त्यांना बसविले.

"काका, सहा वर्षं गेली माझ्या रेणूपायी," त्या भराभर सांगू लागल्या. "लई ताणात असतोय. जरा ऊब लागली की मोडतोय. आणि सहा म्हैनं पायजेत, एवढं पटवा त्यास्नी."

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असले तरी अणुरेणू मला ठाऊक होते. परंतु "माझा रेणू" असे मायेने म्हणणारी स्त्री मूल सोडून आणखी कशाविषयी बोलत असेल? मी मन लावून लिहिले: "अर्जदाराचा पुत्र चि. रेणू, वय वर्षे सहा, हा जन्मतः तणावग्रस्त असून त्यास उष्णता सोसत नाही."

शमीमताईंनी ते वाचले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अवो काका, आधी माझं लगीन तरी लावायचं की!"

मग तोच कागद घेऊन त्यांनी माझी कातर उचलली. "ॲरोमॅटिक रेणू एरवी सपाट असत्यात. सहा कोनांच्या फरश्या जोडल्यागत. मधी एक पाच कोनाची बसवा, आजूबाजूच्या उचलत्यात. माझा तसला हाय, वाटीसारखा." फोड कापून, कडा ओढून त्यांनी टाचणी मारली. "आता काढा बघू टाचणी."

मी काढली. कागद पसरला.

"ह्योच ताण. त्याला सपाट पडायचं असतंय, आपण वाकवून धरायचं. आब्बा पत्र्याला तेच करत्यात. माझी शेवटची टाचणी तेवढी बसंना झालीया."

मी नवा अर्ज लिहिला. सवयीची सर्व विशेषणे गाळली. रेणू तयार होत आला आहे, शेवटचा जोड बाकी आहे, आता थांबल्यास सहा वर्षांचे काम वाया जाईल. एवढ्या लहान अर्जावर मी प्रथमच समाधान मानले. मुदतवाढ मिळाली.

त्या वाटीला पुन्हा टाचणी मारून मी तीत माझ्या टाचण्या ठेवू लागलो. पाच महिन्यांनी शमीमताई आल्या त्या मात्र सावकाश, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काका, रेणू झाला."

"प्रकृती?" मी विचारले.

"वाकडाच हाय. पर टिकलाय. उन्हात ठिवला तरी मोडत न्हाय."

त्यांना परदेशातील एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. निघताना त्यांची नजर वाटीवर गेली. "तेवढा पयला अर्ज द्या की मला. जन्मदाखला म्हणून न्यायचाय."

टाचण्या मी ओंजळीत ओतून घेतल्या आणि वाटी त्यांच्या हाती दिली. आत माझे अक्षर स्वच्छ वाचता येत होते. ओळ तेवढी वाकली होती.