माझी दारातली जागा

"किती वाजता सुरू झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहावी ओव्हर चालू होती जी, साहेब," रेवाराम भाऊजींनी सांगितलं.

मी बनवून सांगत नाही. आमचे हे स्ट्रेचरवर पडलेले, उजवा हात खाली लोंबकळलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळून राहिली, आणि त्यांचा जिवाभावाचा दोस्त गोंदियाच्या डॉक्टरला ओव्हर सांगून राहिला. मला वाटलं, डॉक्टर आता ह्याला हाकलतात. पण ते हिशेबच करायला लागले. दिवसभर मधून मधून तेही मॅच पाहूनच राहिले होते. "दहावी ओव्हर, मतलब दोनच्या आसपास," म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, बहुत उशीर केला तुम्ही."

तुम्ही म्हणे! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिथे भांडायचं कोणाशी?

सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचा आतला फोटो. तो काढला आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, इस्केमिक स्ट्रोक. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गाठ अडकते आणि तिच्या पुढचा भाग मरायला लागतो. आपण त्याला लकवा मारला म्हणतो. ती गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, त्या उपचाराला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर दिलं तर डोक्यात रक्त सांडायची भीती जास्त. इंजेक्शन त्या दवाखान्यात होतं. माझ्या मागच्याच फ्रिजमध्ये होतं. आमची वेळ तेवढी निघून गेली होती.

तुमच्या घरीही असा मॅचवेडा माणूस असेल, म्हणून हे लिहून राहिली. नसेल तर तुम्ही सुखी आहात, पण तरी वाचा.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ. धानाची शेती आहे, घरासमोर माझं छोटं किराणा दुकान आहे. डोक्यावरून शिकाऊ पोरांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात. ह्यांना त्यांचं काही नाही. चिखलात रोवणी चालू असली तरी बांधावर मोबाइल ठेवून स्कोअर ऐकणार. गावात ह्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे कॅप्टन म्हणतात. जन्मात एकदा गावच्या टीममध्ये खेळले, पहिल्याच बॉलला गेले. तरी कॅप्टन.

आवाज मात्र असा, की ह्यांनी आमच्या घरात "आऊट!" म्हटलं की पाटलांच्या घरी कळायचं, विकेट पडली. लोक आपल्या टीव्हीवर विश्वास ठेवत नव्हते, ह्यांच्या ओरडण्यावर ठेवत होते.

आणि आनंदही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसती रडते. मोठा कप जिंकला होता त्या वेळी ह्यांनी माझ्या दुकानातली चॉकलेटची बरणी उचलली आणि गावभर वाटून टाकली. परत आले ते भर चौकात सगळ्यांदेखत माझा हात धरून नाचले. लग्नातही सासऱ्यांच्या धाकाने माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं ह्या माणसाने. मी लाजेने मेली, पण हात सोडवून घेतला नाही.

आता जागेचं सांगते. मॅच चालू असताना आमच्या घरात कोणी जागा बदलत नाही. हे दिवाणावर, रेवाराम भाऊजी खाली चटईवर, डोक्यावर दुपट्टा, आणखी दोघं-तिघं भिंतीला टेकून. एकदा हारत आलेली मॅच होती. मी भज्यांची परात घेऊन सैपाकघराच्या दारात आली आणि लागोपाठ दोन छक्के बसले. हे ओरडले, "अवो, तिथंच राय! हालू नोको!" मी परात घेऊन उभी राहिली, भजे थंड झाले, मॅच जिंकली. त्या दिवसापासून ती माझी जागा. पाहुणे असोत, पाय दुखोत, मॅच अडली की हाक यायची, "अवो, दारात ये." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. माझ्याशिवाय हिंदुस्थान जिंकत नाही म्हणजे काय साधी गोष्ट आहे का!

त्या दिवशी मॅच परदेशात होती, सकाळी सुरू झाली. दुपारी आपली बॅटिंग आली आणि धडाधड विकेटा गेल्या. मला दारात उभं केलं. जोडी जमायला लागली. तेवढ्यात ह्यांच्या हातातला चहाचा कप सांडला. मला वाटलं, पायाला धक्का लागला. मग पाहते तर उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला आणि तोंड एका बाजूने ओघळलेलं.

"अजी, तुमचं तोंड असं काऊन होऊन रायलं?" म्हणत मी धावली.

मी ह्यांच्यापर्यंत पोचली आणि तिकडे विकेट पडली.

बाप्पा रे! चारही माणसं माझ्यावर तुटून पडली. "वहिनी, जाग्यावर जा ना वो!" रेवाराम भाऊजी तर हातच जोडून बसले.

"भाऊजी, ह्यायचं तोंड तं पाहा, वाकडं होऊन रायलं!"

"वारा लागला असन. एवढी जोडी जमू द्या, मंग पाहू."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, हा माणूस तरी म्हणेल, मला दवाखान्यात न्या. ह्यांना बोलायचं होतं, नुसता घूं घूं आवाज निघाला. मग डावा हात उचलला, चांगला हात, आणि मला दार दाखवलं. जाग्यावर जा.

मी गेली. तिथून दोनदा आणखी ओरडली, दोन्ही वेळा तोच डावा हात. आणि टीम अशी खेळली, अशी खेळली, की काय सांगू. एकही विकेट नाही. मी उभी होती आणि धावा निघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याचा मेंदू मरत होता.

जिंकल्यावर सगळे उठले. हे उठले नाही. दिवाणावरून घसरून खाली पडले, तेव्हा कुठे चौघांना दिसलं.

गाडी मिळवायला वेळ गेला. गोंदियात शिरलो तर चौकात लोक नाचत होते. डीजे, फटाके, झेंडे. आमची गाडी गर्दीत अडकली. मी काचेवर हात आपटून ओरडली, "पेशंट आहे!" एका पोट्ट्याने खिडकीतून गुलाल आत टाकला, ह्यांच्या तोंडावर. रेवाराम भाऊजी ह्यांच्या कानाशी वाकून म्हणतात, "कॅप्टन, जिकलो बे!" ह्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. मी समजली, दुखून राहिलं असेल. आता कळते, तो आनंद होता.

दवाखान्यातले पहिले दिवस नळ्यांचे. गिळता येत नव्हतं, म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी. लघवीला वेगळी नळी. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बाहेरच्या बाकावर सालेकशाकडची एक बाई बसायची, तिच्याही माणसाला लकवा.

"तुमचे काय करून रायले होते तवा?" तिने विचारलं.

"मॅच पाहून रायले होते. आम्ही पाच जण बाजूलेच होतो."

"माहे झोपले होते. कोणालेच समजलं नाही." ती माझ्याकडे वळली. "तुमच्या घरी तं पाच जण जागे होते ना?"

त्यानंतर मी तिच्या बाकावर बसली नाही.

रेवाराम भाऊजी रोज डबा घेऊन येत. माफी मागितली नाही. एक दिवस म्हणाले, "पण वहिनी, तुम्ही हालल्या असत्या तं मॅच गेली असती." मी डबा त्यांच्या अंगावर फेकला. वरण त्यांच्या शर्टावर, भात वॉर्डभर. नर्स मलाच बोलली. भाऊजी त्यानंतर आले नाही.

पाय हळूहळू आला. फिजिओथेरपी, म्हणजे हातपाय पुन्हा शिकवायचा व्यायाम, त्याने हे काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. हात अर्धाच आला. बोलणं काही येईना. त्याला अफेजिया म्हणतात. माणसाला सगळं समजतं, ओळखतो, पण शब्द सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल, नहीं भी आयेगा. मी खोटं बोलणार नाही."

मला भाषण नको होतं. मला एक "अवो" पाहिजे होतं. ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, आमच्याकडे घेत नाही. अवो म्हणजेच मी. ते बंद झालं आणि मी स्वतःच्याच घरात बिननावाची झाली. देवाला रोज तेवढंच मागितलं.

मग एक दिवस शब्द आला. मी पाणी दिलं आणि हे म्हणाले, "आऊट."

मी आनंदाने रडली. दुसऱ्या दिवशी भूक लागली तरी आऊट, संडासला जायचं तरी आऊट. पोरगी तिरोड्याहून आली, तिला कुरवाळून म्हणाले, आऊट. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणारी मॅडम, तिने ह्यांना माझा फोटो दाखवला. "ही कोण?"

ह्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, बिचारे घामाघूम झाले. "आऊट," म्हणाले, आणि कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमनी समजावलं. सवयीने, जोशात तोंडून निघणारे शब्द कधी कधी वाचतात. शिव्या, भजनं, आकडे. विचार करून बोलायचे शब्द आधी जातात. म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारातून वाचलं ते काय, तर आऊट! मॅडम पुढे म्हणाल्या, "घरी मॅच लावत जा. ज्यात त्यांचा जीव आहे, त्यातूनच शब्द निघतील."

टीव्ही मी माझ्या भावाकडे मुर्रीला नेऊन टाकला होता. फोडणारच होती, भाऊ आडवा आला. आता तोच परत आणायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं. आणला. रेवाराम भाऊजींच्या घरीही मीच गेली. दारातूनच म्हटलं, "रविवारी मॅच आहे. या. पण तोंड उघडाल तं याद राखा."

रविवारी हे दिवाणावर बसले, पाठीला उशी. भाऊजी चटईवर, डोक्यावर दुपट्टा. बाकीचे भिंतीला. जसंच्या तसं. ह्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग मला शोधलं, डावा हात उचलला आणि दार दाखवलं.

सगळे खाली पाहायला लागले.

मी चटईवरून पाय टाकून पुढे गेली आणि दिवाणावर ह्यांच्या बाजूला बसली, उजव्या बाजूला, त्या अर्ध्या हाताला चिकटून. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा मी मॅच बसून पाहिली.

"आऊट, आऊट," हे दाराकडे हात करून कुरकुरले.

"नाही उठत. काय करता?"

विकेट पडली. हे आऊट म्हणाले, ते मात्र बरोबर निघालं. मग दुसरी पडली, तिसरी पडली. हे माझ्याकडे पाहत, दाराकडे पाहत, मला कोपराने ढकलत. मी ढिम्म. भाऊजींच्या तोंडात शब्द फिरून राहिला होता, पण त्यांनी गिळला. आपली टीम इतकी घाण हारली, की शेवट पाहायला भिंतीचे दोघं थांबलेही नाही.

ह्यांचं तोंड लाल झालं. गळ्याच्या शिरा फुगल्या. मला वाटलं, गेलं, पुन्हा अटॅक आला. मी हात पाहिले, तोंड पाहिलं, भाऊजींना म्हटलं, "गाडी पाहा, आत्ताच्या आत्ता!" भाऊजी धोतर सावरत उठले आणि सैपाकघरातून मागच्या दाराकडे निघालेच. आणि ह्यांनी माझ्या डोळ्यात डोळे घालून तोंड उघडलं.

"अ... अवो," म्हणाले. "तु... तुह्यामुळं! तुह्यामुळं हारलो!"

रेवाराम भाऊजी दारातच उभे राहिले, बरोबर माझ्या जागेवर.

तुमच्याकडे कोणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वारा लागला म्हणू नका. किती वाजले पाहा आणि उचला त्याला. स्कोअर काही का असेना, आणि तो माणूस स्वतः नाही म्हणत असला तरी. मी सांगून राहिली ते लक्षात ठेवा.

आभार मानायचे तर डॉक्टरांचे, फिजिओवाल्यांचे, मॅडमचे मानते. आणि त्या रविवारी इतकं घाण खेळलेल्या आपल्या टीमचे मानते.

"पुन्हा म्हणा," मी ह्यांना म्हटलं.

"तुह्यामुळं हारलो!" हे ओरडले, आणि पाटलांच्या घरातून कोणीतरी विचारलं, काय झालं.