आवडाबाईचा इलाज

मालेगावच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या बाया पुष्कळ होत्या, पण हाक खरी आवडाबाई माळणीची. "या वो माय, सांबाराच्या जुड्या घ्या, कवळी वांगी घ्या!" असं ती ओरडली की पार बैलबाजारापर्यंत ऐकू जायचं. गावाबाहेरच्या मळ्यात तिचा नवरा चंपत मोट हाकायचा, ती वाफ्यांना पाणी द्यायची, आणि बाजाराच्या दिवशी कोथिंबीर-वांग्यांची दोन डाली, म्हणजे मोठ्या टोपल्या, एकावर एक ठेवून डोक्यावरून आणायची.

१९५३ साली तिला पाचवं मूल झालं. दोन दिवस अडली होती. मुलगी जगली, तीही जगली. सव्वा महिन्यानं ती बाजारात येऊन बसली, पहिली हाक मारली आणि लघवी सुटली. लुगडं भिजून खालच्या पोत्यापर्यंत ओल गेली. दिवसभर ती जागची हलली नाही. बाजार उठल्यावर तिनं पोत्यावर मुद्दाम तांब्याभर पाणी सांडलं आणि मगच उठली.

त्यानंतर खोकलं तरी तेच, हसलं तरी तेच. आवडाबाईनं ओरडणं सोडलं. बाजाराच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. बाया म्हणू लागल्या, आवडाबाई आताशा कोणाशी बोलत नाही, चढेल झाली.

"काहून वं, आर्धी भाजी परत आणून राह्यली तू?" चंपतनं विचारलं.

"घसा बसला."

तो घसा वर्षभर बसलेलाच राहिला.

दवाखान्यातल्या नर्स एस्तेरबाई दर बाजारी तिच्याकडून वांगी घ्यायच्या. एकदा त्या वांगी निवडत असताना आवडाबाईला शिंक आली. तिनं मांड्या घट्ट जुळवल्या, चेहरा उतरला. एस्तेरबाईंनी पाहिलं. खाली बसून हळूच विचारलं, "शेवटच्या बाळंतपणात अडली होतीस का?"

आवडाबाईनं मान डोलावली.

"उद्या दवाखान्यात ये."

मुलीला खोकला झाल्याचं सांगून ती गेली. पडद्यामागे तपासून झाल्यावर नर्सबाई म्हणाल्या, "याला बाटलीतलं औषध नाही. लघवी मधेच थांबवायची झाली तर आतून आवळतेस ना? तसं आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, मग सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र नाही, एरवी करायचं. पोट ताणायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. ओझं उचलायच्या आधी, खोकायच्या आधीही आवळायचं. आणि पाणी पीत जा."

"बाई, तुटलेलं असं आवळून जुळते का?"

"तुटलेलं नाही, सैल पडलंय. तीन महिने कर आणि मग मला सांग."

पहिल्या आठवड्यात आपण काय आवळतोय हेच तिला कळेना. दात आवळले जायचे, पोट आत जायचं. ती पुन्हा दवाखान्यात गेली, नर्सबाईंनी पुन्हा समजावलं. मग हळूहळू जागा सापडली. मळ्यात वाफा भरेपर्यंत ती फावड्यावर हात टेकून उभी राहायची आणि मोजायची.

एकदा मोजता मोजता वाफा फुटला. चंपत मोट सोडून धावत आला. "उभी काहून राह्यली अशी? ध्यान कुठी आहे तुहं?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. चंपतनं ऐकून घेतलं, वाफ्याचा बांध नीट केला.

"एवढं सांगाले तुले वरीस लागलं?"

पुढच्या बाजारी एक डालं त्यानं आपल्या डोक्यावर घेतलं.

"लोकं हासतीन," ती म्हणाली.

"हासू दे."

तिसऱ्या महिन्यात मळ्यात तिला शिंक आली आणि लुगडं कोरडं राहिलं. खात्री पटेना म्हणून तिनं हात लावून पाहिला. पुढच्या बाजारी तिनं हाक मारली, पहिल्यासारखी मोठी नाही, पण शेजारच्या बायांनी वळून पाहिलं. त्रास पुरता गेला नाही. सर्दीपडशात थोडं व्हायचंच, आणि दोन डाली तिनं पुन्हा कधी उचलली नाहीत. पण ती पाणी पिऊ लागली, हसू लागली.

१९५७ साली एस्तेरबाईंची बदली झाली. त्याच सुमारास अनसिंग गावी दिलेली नणंद गिरजाबाई माहेरपणाला आली. ती सारखी उठून बाहेर जायची. आवडाबाईनं तिला विहिरीपाशी नेऊन सरळच विचारलं, "तुले लघवी धरत नाही का?" गिरजाबाई रडू लागली.

आवडाबाईनं तिला आवळायचं कसं ते शिकवलं, पण गिरजाबाईनं पंधरा दिवस करून सोडून दिलं. पुढच्या हिवाळ्यात तिचा निरोप आला, "वहिनी, अखीन एकडाव सांगाले ये." आवडाबाई मळा चंपतवर सोपवून चार दिवस अनसिंगला जाऊन राहिली.