चोपलेली जमीन

जमीन चोपावी तर मुत्तुपेचीनेच. मदुरेजवळ, वैगै नदीकाठच्या तिच्या गावात नवं घर उठलं की पहिलं बोलावणं तिला जायचं. पुढे घरोघर सिमेंट आलं आणि ती लोकांच्या केळीत खुरपायला जाऊ लागली.

छप्पन्नाव्या वर्षी तिला गावामागच्या नारळीच्या बागेत काम मिळालं. तिथे पुरातत्त्वाचे लोक जुन्या मदुरेच्या खुणा शोधायला खणत होते. चौथा खड्डा पुरुषभर खोल गेला, तरी हाती खापरंच. खोदकाम बघणारे नेडुमारन म्हणाले, "इथे काही नाही. आणखी खाली जाऊ."

खणणाऱ्या कासिराजनने कुदळ उचलली. मुत्तुपेची आडवी आली. "थांब रे!"

"का गं आत्ते, तुझं सोनं पुरलंय इथे?"

तिने खड्ड्याच्या तळावर तळहात फिरवला. "नेडुमारन अय्या, ही जमीन आहे."

"अम्मा, सगळी जमीनच आहे की!"

"तशी नाही हो. घरातली. कुणीतरी चोपलीय. हा बघा उतार, पाणी जायला दिलेला."

नेडुमारननी हात फिरवून पाहिला. त्यांना काहीच कळेना. पण बाईच्या आवाजातला ठामपणा ऐकून ते म्हणाले, "बरं, एक दिवस. फक्त खुरपी आणि ब्रश."

ती जेवायलाही वर आली नाही. दुपार कलता कलता एका रांगेत चार भोकं उघडी पडली, खांबांची. कडेला चुलीची काळी माती. नेडुमारन तिच्याशेजारी येऊन बसले.

"मागच्या आठवड्यात शेजारच्या खड्ड्यात मी हीच जमीन खणून टाकली, अम्मा."

"गेली ती गेली. उरलेली तरी नीट उघडा."

घर दोन हजार वर्षांहून जुनं निघालं. बघायला गाव लोटलं. मुत्तुपेची मात्र जमिनीवर वाकून घोटल्याच्या रेषा न्याहाळत होती.

"चोपणारी डावखुरी होती, अय्या. रेषा उलट्या वळल्यात. माझ्या आईच्या अशाच यायच्या."

नेडुमारननी ते वहीत लिहून घेतलं, आणि 'हे कुणी ओळखलं' म्हणून तिचं नावही.

पुढच्या हंगामात खड्डे आखण्याआधीच तिला निरोप आला. आता कॉलेजच्या मुली खोदकाम शिकायला आल्या की ती आधी त्यांना चपला काढायला लावते. "कुणाच्या तरी घरात उतरताय, पोरींनो," म्हणते, आणि त्यांचे तळहात धरून मातीवर फिरवते.