तीन ठिकाणचं पॉलिश

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मिस्त्री ते ताक आधी दुसऱ्याला प्यायला लावणाऱ्यांतले. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचं, आणि तिने नीट ओढलं की नाही हे बघायला पुन्हा मागे फिरायचं, असा त्यांचा खाक्या होता.

तोंड पोळलं होतं हे मात्र खरं. तीस वर्षं त्यांनी एकाच वर्कशॉपमध्ये गाड्यांना रंग मारला. मिस्त्रींच्या कामात ओघळ शोधून दाखवा, अशा तिथे पैजा लागायच्या. मग पाच वर्षांपूर्वी एका दारावर ओघळ निघाला, चांगला बोटभर. मालकाने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, नजर थकली आता. आराम करा." मिस्त्रींनी त्याच क्षणी ठरवून टाकलं की हे दार आपलं नव्हेच. कुणीतरी बदललं. कुणी, ते काही ठरेना; संशयितांची यादी मात्र वाढत गेली.

आराम करतील ते मिस्त्री कसले! भंगारवाल्याकडे एक जुनी गाडी सडत पडली होती. दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आठ सिलिंडरांची. त्यांच्या तरुणपणी अशी गाडी रस्त्याने गेली की घरातली भांडी वाजायची. ती त्यांनी घराखालच्या गॅरेजात आणली आणि पाच वर्षं खपून पुन्हा उभी केली. रंग दिला तो मुद्दाम काळा. काळा रंग पक्का चहाडखोर, कुणाची चूक म्हणून पोटात ठेवत नाही. येत्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि बारीक कामाच्या बक्षिसाला परीक्षक होता तोच मालक. मिस्त्रींना बक्षीस मिळालं नसतं तरी चाललं असतं. त्यांना मालकाच्या तोंडून "माझी चूक झाली" एवढंच ऐकायचं होतं.

सोमवारपासून पॉलिशला हात घातला. एका वेळी वीतभर पट्टा, हात सरळ चालवायचा, वाळून पांढरं पडलं की मऊ फडक्याने उतरवायचं. दुपारी जेवून तासभर आडवं व्हायचं. तेवढ्या वेळात शटरला कुलूप, आणि किल्ली कपाटाखालच्या जुन्या बुटात.

मंगळवारी संध्याकाळी गाडीच्या दाराच्या बिजागरीपाशी त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. उजेडात नेऊन पाहिलं तर निळा दोरा. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. पाल तिथे कायम मुक्कामालाच होती म्हणा. पण या वेळी जोरात चुकचुकली.

निळा शर्ट कुणाचा? मेहुण्याचा. त्याच्या बहिणीने, म्हणजे मिस्त्रीणबाईंनीच शिवून दिलेला. मेहुणा वर्षभर मागे लागला होता, "भाऊजी, एकदा तरी चालवायला द्या की!" आणि त्याच संध्याकाळी तो नेमका चहाला टपकला.

"दुपारी कुठे होतास?" मिस्त्रींनी कप पुढे करायच्या आधीच विचारलं.

"कामावर. का हो?"

"सहज." मिस्त्री त्याच्या बाहीची शिवण निरखत राहिले.

"भाऊजी, चहा देताय की माप घेताय?"

मिस्त्रीणबाई हसल्या. त्या घरीच शिवणकाम करत. मिस्त्री हसले नाहीत.

बुधवारी त्यांनी सापळा लावला. जमिनीवर पावडर भुरभुरावी तर धूळ उडणार, आणि पॉलिशला धुळीचं वावडं. तेव्हा त्यांनी पॉलिशचाच सापळा केला. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या कडेला, डिकीच्या मुठीखाली आणि दाराच्या खालच्या बिजागरीमागे पॉलिशचा एकेक ठिपका तसाच वाळू दिला. झाकण, दार किंवा डिकी उघडली की ठिपका मोडणार. डायरीत लिहिलं : तीन.

गुरुवारी बोट फिरवून पाहतात तर तिन्ही ठिपके गायब. मोडलेले नाहीत, पार पुसलेले. मिस्त्री चक्रावले. चोर येतो आणि साफसफाई करून जातो? गाडी किती चालली ते पाहिलं, तर आकडा जागचा हलला नव्हता. आता तर त्यांची खात्रीच पटली की यात खोल पाणी मुरतंय. मेहुण्याने गाडी फिरवली, आकडा मागे घेतला आणि खुणा पुसल्या!

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी घोरण्याचं सोंग घेतलं आणि पाचच मिनिटांत अनवाणी खाली उतरले. शटर अर्धं वर होतं. ते वाकून आत शिरले. गाडीचं दार उघडं होतं आणि बिजागरीपाशी बैठक मारून, विणायच्या सुईला कापड गुंडाळून, मिस्त्रीणबाई फट कोरत होत्या. खांद्यावर निळ्या दोऱ्याचे तुकडे.

"तू?"

बाई दचकल्या; पण सुई रंगाला लागू दिली नाही.

"किल्ली कुठून मिळाली?"

"बुटातून. अहो, सगळ्या घराला ठाऊक आहे ते."

"भावाने पाठवलं ना तुला?"

"त्याला सुई धरता येते का?"

"माझ्या पाठीमागे माझ्या गाडीला हात लावतेस!" मिस्त्रींचा आवाज चढला. "पण बरी सापडलीस. ते तीन ठिकाणचं पॉलिश मी मुद्दाम ठेवलं होतं. सापळा होता तो!"

बाईंचा हात थांबला. "तीन ठिकाणचं?"

"तीन. डायरीत लिहिलंय."

"मी तर परवा अकरा ठिकाणचं काढलं," त्या बोलून गेल्या, आणि लगेच ओठ मिटून घेतले.

मिस्त्री हसायला गेले, पण हसू आलंच नाही. "दाखव," ते म्हणाले. आज सकाळी त्यांनी स्वतः पुसलेल्या काचेच्या रबराकडे बाईंनी बोट केलं. मिस्त्री चष्मा वर-खाली करून वाकले. त्यांना काळं तेवढं दिसलं. मग बाईंनी त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं. बोटाला खडूसारखी खरखर लागली.

मिस्त्री तिथेच स्टुलावर बसले. पाच वर्षांची यादी त्यांच्या मनातून एकेक नाव गळत रिकामी झाली, आणि ओघळाचं ते दार तेवढं उरलं. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझं नाव यादीत घातलं असतं."

रविवारी गाडी मेहुण्याने चालवली. शेजारी बसून मिस्त्री वाटभर ओरडत होते, पण स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही. मैदानात मालक आला, गाडीभोवती दोनदा फिरला, दार उघडून बिजागरीमागे काळा रुमाल फिरवला. रुमाल तसाच काळा निघाला. मालकाने तो पुन्हा पुन्हा उलटून पाहिला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "माझी चूक झाली. नजर शाबूत आहे तुमची."

मिस्त्रीणबाईंनी मान खाली घातली आणि हातातल्या पिशवीचा बंद उगाच सोडून बांधला. मेहुण्याने भाऊजींकडे पाहिलं.

"नाही मालक," मिस्त्री म्हणाले. "ते दार माझंच होतं. आणि ही नजर हिची आहे."