मायमूना टीटीच्या आईचं नाव

आमच्या बो-काप मोहल्ल्यात कुठली बाई वारली की मायमूना टीटीला बोलावणं जायचं. बायकांची मय्यत तीच धुवायची. डोंगरावरची रोजची दुपारी बाराची तोफ उडाली की दफनाची घाई, आणि इमामांचा प्रश्न ठरलेला, "आईचं नाव?" कबरीत ठेवलेल्याला आम्ही आईच्या नावानं हाक मारतो. ही नावं टीटीला पाठ. बाकी आमच्यात थोरांचं नाव घेतोय कोण? थोरल्या बाईला टीटी, थोरल्या बाप्याला बूता, आजीला ओमी म्हटलं की झालं.

मग घरं विकली जाऊ लागली. गुलाबी, पिवळ्या भिंतींपुढे पर्यटक फोटो काढतात. आत राहणारी आमची माणसं थोडकीच उरली. एक गोरी पोरगी टीटीच्याच पायरीवर ऐसपैस बसली होती. टीटी म्हणाली, "बाई, फोटो काढ, पण वाट सोड. मी अजून पायांनी बाहेर पडते."

टीटीला मूलबाळ नव्हतं. छातीचं दुखणं जडल्यावर तिला एकच घोर लागला : आपल्याला धुणार कोण? शेजारची नुरान शिकायला तयार झाली.

"पाणी कोमट घे गं. मेलं म्हणून काय झालं?"

"टीटी, तुमच्या वेळी मी मुळीच घाई करणार नाही."

"मला तरी कुठं घाई आहे!"

ईद झाली आणि नुरानच्या बापानं घर विकलं. घराचा कर झेपेना म्हणे. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त चीड आली. ते लांब मिचेल्स प्लेनला गेले.

टीटी मला म्हणाली, "सालिह, उरलास तो तू. आणि बाप्याचा मला काय उपयोग?"

ती गेली तेव्हा नुरानचा फोन लागलाच नाही. परक्या मोहल्ल्यातून दोन बायका आल्या, हातमोजे घालून नीट काम करून गेल्या. मोब्रेच्या कबरस्तानात नव्या इमामांनी मला विचारलं, "बूता, हिच्या आईचं नाव?"

मी तोंड उघडलं. टीटीच्या आईच्या हातचे पाकातले कूसिस्टर खाऊन मी वाढलो. सगळी गल्ली तिला ओमी म्हणायची, आणि टीटी तिला 'मामा' म्हणायची, आमच्यात आईला म्हणतात तसं. मागे उभ्या चौघांकडे पाहिलं, तर त्यांनी माना खाली घातल्या.

इमाम कबरीकडे वळले. मग म्हणाले, "हे मायमूना, हव्वेच्या लेकी..."

हव्वा म्हणजे सगळ्या माणसांची पहिली आई. समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या बेवारस प्रेतालाही आम्ही असंच पुरतो.